थोरो यांचे दहा बाय पंधराचे घर



हेन्री डेव्हिड थोरो हे नाव आपल्याला गांधीजींच्या चरित्रात भेटते. या अमेरिकन लेखकाने तळ्याकाठी स्वतःच्या हातांनी एक घर बांधले होते. त्याची ही हकिकत.

थोरो यांचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉन्कॉर्ड गावी झाला. वडिलांचा पेन्सिली बनवण्याचा धंदा होता. १८३७ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते गावातच शिक्षक झाले. पण मुलांना छडी मारण्यावरून मतभेद झाले आणि त्यांनी थोड्याच दिवसांत नोकरी सोडली. पुढे थोरले बंधू जॉन यांच्याबरोबर त्यांनी स्वतःची शाळा चालवली. १८४२ मध्ये जॉन धनुर्वाताने वारले. दोघा भावांनी पूर्वी होडीतून केलेल्या प्रवासावर पुस्तक लिहायचे थोरो यांच्या मनात होते. त्यासाठी निवांत जागा हवी होती.

स्नेही इमर्सन यांची वॉल्डन तळ्याकाठी जमीन होती. मार्च १८४५ मध्ये थोरो उसनी कुऱ्हाड घेऊन तिथे गेले. पाइनची झाडे तोडून त्यांनी खांब व तुळया तासल्या. परत करताना ती कुऱ्हाड आधीपेक्षा धारदार होती! एका रेल्वे कामगाराची जुनी झोपडी विकत घेऊन तिच्या फळ्या त्यांनी उन्हात वाळवून वापरल्या. खिडक्या आणि विटाही जुन्याच घेतल्या.

घर १० फूट रुंद, १५ फूट लांब. दोन्ही बाजूंना एकेक मोठी खिडकी, एका टोकाला दार, समोर शेकोटी. वर पोटमाळा, खाली लहानसे तळघर. आत पलंग, टेबल, लिहिण्याचे मेज आणि तीन खुर्च्या. ४ जुलै १८४५ रोजी ते राहायला आले. धुराडे थंडीपूर्वी सवडीने झाले, तर गिलावा थंडी पडू लागल्यावर झाला. एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. हार्वर्डमध्ये एका खोलीचे वर्षाचे भाडेच ३० डॉलर होते! वस्तूची खरी किंमत ती मिळवण्यासाठी आयुष्याचे किती दिवस द्यावे लागतात यावर ठरते, असा त्यांचा हिशेब होता.

ते काही अरण्यवासी नव्हते. गाव जवळच होते. घरी जेवायलाही जात. मात्र ६ सप्टेंबर १८४७ पर्यंतच्या त्या मुक्कामात भावाच्या आठवणीचे पुस्तक लिहून झाले. याच काळात, १८४६ मध्ये, कर न भरल्यामुळे त्यांनी एक रात्र तुरुंगात काढली. त्यावरचा त्यांचा निबंध पुढे गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला. ‘वॉल्डन’ हे पुस्तक १८५४ मध्ये आले. ६ मे १८६२ रोजी क्षयाने थोरो यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ४४ वर्षांचे होते.

आज घरी टेप घेऊन १० बाय १५ फूट मोजा. एवढ्या जागेत तुम्ही काय ठेवाल आणि काय बाहेर काढाल, याची यादी आईबाबांबरोबर बसून करून पाहा.