मुळशीचे सेनापती

जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील विखरण (ता. शिंदखेडा) येथील एका वयोवृद्ध शेतकऱ्याने मंत्रालयात विष प्राशन केले. काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. सौर ऊर्जा प्रकल्पासाठी गेलेल्या सुमारे पाच एकर जमिनीपोटी चार लाखांच्या आसपास रक्कम हाती पडली होती आणि हा मोबदला अन्यायाचा आहे, हे सांगत ते सरकारदरबारी खेटे घालत होते. विजेसाठी शेतकऱ्याची जमीन घ्यायची आणि तिची किंमतही आपणच ठरवायची, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. तिच्याविरुद्धचा पहिला मोठा लढा शंभर वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या खोऱ्यात झाला. त्या लढ्यानेच पांडुरंग महादेव बापट हे 'सेनापती' झाले.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरचा. घरची परिस्थिती बेताची, बुद्धी मात्र तल्लख. डेक्कन कॉलेजातील शिक्षणानंतर शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला गेले. तेथे ब्रिटिश राजवटीवर केलेल्या परखड टीकेमुळे शिष्यवृत्ती गमावली आणि ते लंडनच्या 'इंडिया हाऊस'मधील क्रांतिकारकांत सामील झाले. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्बविद्या शिकून १९०८ मध्ये ते मायदेशी परतले. अलीपूर खटल्यात माफीच्या साक्षीदाराने नाव घेतल्यावर चार वर्षे अज्ञातवासात काढली. १९१२ मध्ये इंदूरला पकडले गेले, १९१५ मध्ये सुटले. सुटकेनंतर हा विलायतेत शिकून आलेला गृहस्थ हातात झाडू घेऊन रस्ते साफ करीत असे. लोकांना ते विक्षिप्तपणाचे वाटे. त्यांच्या लेखी ती देशसेवाच होती. पुढे डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामातही ते रमले होते. त्या कामातून त्यांना बाहेर काढले ते मुळशीने.

मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. टाटा कंपनीने सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधून पाणी कोकणात सोडण्याची योजना आखली होती. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमावरील मुळशीचे धरण हा त्याच मालिकेतला पुढचा टप्पा. आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पन्नासेक मावळी गावे त्यात बुडणार होती. जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच कंपनीच्या माणसांनी शेतांत चर खणायला सुरुवात केली. मदतीला सरकार होतेच. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घेण्याकरिता एक स्वतंत्र भागच होता. म्हणजे नफा कंपनीचा आणि सक्ती सरकारची. मालकाची संमती हा शब्द त्या व्यवहारात कुठेच नव्हता.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. गांधीजींनीही टाटांना फेरविचाराचे आवाहन केले. कंपनीने काही महिन्यांची तहकुबी मान्य केली, पण वर्षअखेरीस पुन्हा संघर्ष पेटला. बापट, वि. म. भुस्कुटे, शिवरामपंत परांजपे तुरुंगात गेले. त्यांच्याबरोबर मावळातील बायाबापड्याही गेल्या.

लढा फुटला तो मात्र आतून, आणि ही बाजू सहसा सांगितली जात नाही. खोऱ्यातील बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेल्या होत्या. कसणारा मावळा तेथे कूळ होता. सावकाराला जमिनीचा लळा नव्हता. दर चांगला मिळाला की त्याचे काम झाले. भरपाईची बोलणी सुरू होताच सावकार आणि कुळे यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पैसा कागदावरच्या मालकाकडे जाणार आणि घर, गोठा, देऊळ, स्मशान गमावणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडणार नाही, हे उघड होते. बापट कुळांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा आक्षेप दरावर नव्हता. माणसाला विचारल्यावाचून त्याच्या पायाखालची भूमी काढून घेण्यावर होता.

पुढे पुढारी पांगले, पुण्यातील उत्साह ओसरला, धरणाची भिंत चढतच राहिली. ही निराशा बापटांना सोसवली नाही. डिसेंबर १९२४ मध्ये मोजक्या साथीदारांसह, शस्त्रानिशी, त्यांनी धरणाच्या कामावरील रेल्वेगाडी अडवली. द्वेष न ठेवता शस्त्र उचलायचे आणि परिणाम स्वतः भोगायचा, याला ते 'शुद्ध सत्याग्रह' म्हणत. ही व्याख्या गांधीजींना पटणारी नव्हती आणि खरे सांगायचे तर आजही पचायला जड आहे. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच, १९२७ मध्ये, मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

१९३१ मध्ये सुटल्यावरही कारावास संपला नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. १९५५ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहात उतरले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्या-मुंबईतील दोन गजबजलेल्या रस्त्यांना त्यांचे नाव आहे.

मुळशी बुडवणारा कायदा मात्र त्यांच्यानंतरही शेहेचाळीस वर्षे जिवंत राहिला. उकाईच्या जलाशयात नवापूरकडची गावे गेली, तापीवर हतनूर झाले, १९९३ च्या पावसाळ्यात नर्मदेचे पाणी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील मणिबेलीत शिरले. पुनर्वसनासाठी राज्याने १९७६ मध्ये वेगळा कायदा केला, पण १९७८ च्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असल्यास बाधितांपैकी ऐंशी टक्के कुटुंबांची संमती हवी, ही अट कायद्यात आली ती १ जानेवारी २०१४ पासून. मुळशीच्या मावळ्यांनी धरणाच्या जागी ठाण मांडले, त्याला तोवर ब्याण्णव वर्षे लोटली होती.