मोडलेल्या कण्यांना उभारी देणारा डॉक्टर

गच्चीवरून, शिडीवरून, आंब्याच्या झाडावरून किंवा घरातल्याच जिन्यावरून माणूस पाठीवर पडतो. बहुतेक वेळा स्नायू दुखावतात किंवा एखाद्या मणक्याला तडा जातो आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत तो पुन्हा कामाला लागतो. पण कधी कधी मोडलेला मणका आतल्या मज्जारज्जूला चिरडतो. कमरेखालची हालचाल जाते, स्पर्श कळेनासा होतो, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो. असा रुग्णही आज नीट काळजी घेतली तर पुढे अनेक वर्षे जगतो, शिकतो, कमावतो. शंभर वर्षांपूर्वी असे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. हा फरक ज्यांच्यामुळे पडला, त्यांत पहिले नाव घ्यावे लागते डॉ. लुडविग गुटमान यांचे.

गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तेव्हाच्या जर्मनीतील टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. त्यांचे बालपण कोळसा खाणींच्या परिसरात गेले. १९१७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, खाण कामगारांच्या अपघात रुग्णालयात ते मदतनीस म्हणून काम करू लागले. तिथे कणा मोडलेला एक धडधाकट तरुण कामगार दाखल झाला. त्याच्या खाटेभोवती पडदे लावण्यात आले. हा काही आठवड्यांचाच सोबती आहे, तेव्हा त्याच्या नोंदी लिहिण्यात फार वेळ घालवू नकोस, असे वरिष्ठांनी गुटमान यांना बजावले. पाच आठवड्यांनी तो खरोखरच गेला. त्याचा चेहरा गुटमान यांच्या मनातून कधीच पुसला गेला नाही.

त्या तरुणाचा मृत्यू मोडलेल्या कण्यामुळे झाला नव्हता. पाठीला पडलेल्या जखमा आणि लघवीतला जंतुसंसर्ग यांनी त्याचा जीव घेतला होता. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो. संवेदना गेलेल्या माणसाला अवघडल्याचे कळतच नाही. तासन् तास एकाच अंगावर पडून राहिल्याने माकडहाड, नितंब आणि टाचा यांच्यावरची त्वचा हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबली जाते. तिथला रक्तपुरवठा थांबतो, त्वचा मरते आणि खोल जखम होते. दुसरीकडे, मूत्राशय भरल्याचे कळत नाही. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि संसर्ग मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. दोन्ही वाटांनी जंतुविष रक्तात पसरते. पहिल्या महायुद्धात कण्याला इजा झालेले बहुसंख्य सैनिक असेच गेले.

गुटमान १९२४ मध्ये डॉक्टर झाले आणि ब्रेसलाऊ शहरात ओटफ्रिड फोर्स्टर या नामवंत मज्जातज्ज्ञांच्या हाताखाली तयार झाले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असल्यामुळे त्यांची नोकरी गेली. मग ते शहरातील ज्यू रुग्णालयात काम करू लागले आणि पुढे त्याचे प्रमुख झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री ज्यूंची घरे, दुकाने आणि प्रार्थनास्थळे जाळली जात होती. दाराशी येईल त्याला काही न विचारता दाखल करून घ्या, असा आदेश त्यांनी दिला. दुसऱ्या दिवशी गुप्त पोलीस आले, तेव्हा गुटमान यांनी एकेका खाटेपाशी उभे राहून प्रत्येकाला कोणता आजार आहे ते सांगितले. त्या ६४ जणांपैकी ६० जण अटकेतून वाचले. मार्च १९३९ मध्ये पत्नी आणि दोन मुलांसह ते इंग्लंडला पोहोचले.

दुसऱ्या महायुद्धात युरोपवरच्या मोठ्या चढाईची तयारी सुरू असताना, जखमी सैनिकांसाठी ब्रिटिश सरकारने स्टोक मँडव्हिल येथे कण्याच्या दुखापतींचा खास विभाग काढायचे ठरवले. इतर डॉक्टरांना हे काम म्हणजे निराशेचे आगर वाटत होते. गुटमान यांनी ते स्वीकारले, मात्र उपचार आपल्या पद्धतीनेच होतील ही अट घालून. १ फेब्रुवारी १९४४ रोजी विभाग सुरू झाला.

त्यांची पद्धत ऐकायला अगदी साधी होती. प्लास्टरमध्ये जखडलेल्या रुग्णांना त्यांनी मोकळे केले. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. त्वचा रोज तपासायची. मूत्राशय निर्जंतुक पद्धतीने, ठरावीक वेळी रिकामे करायचे. सांधे आखडू नयेत म्हणून हातापायांना व्यायाम द्यायचा. नियम पाळले जातात का, हे पाहायला गुटमान रात्री-अपरात्री स्वतः वॉर्डात येत. कर्मचारी वैतागत, पण जखमा भरू लागल्या आणि ताप उतरू लागले. पेनिसिलिनही त्याच सुमारास हाती आले होते.

पण नुसते जगवून त्यांचे समाधान होणारे नव्हते. आयुष्यभर छताकडे पाहत पडून राहायचे असेल, तर त्या जगण्याला काय अर्थ, हा प्रश्न त्यांना छळत होता. त्यांनी रुग्णांना सुतारकाम, घड्याळदुरुस्ती आणि टायपिंग शिकायला लावले. रुग्णाने घरी परतून स्वतः कमवावे आणि कर भरावा, हे त्यांचे उद्दिष्ट होते. काही रुग्ण चाकाच्या खुर्चीत बसून काठीने चकती टोलवताना त्यांना दिसले आणि खेळ हा उपचाराचा भाग झाला. तिरंदाजीने पाठ आणि खांदे बळकट होतात, बसल्या जागी तोल सांभाळता येतो. त्याहून मोठे म्हणजे, माणसाचा गेलेला आत्मविश्वास परत येतो.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १६ अपंग स्पर्धकांनी तिरंदाजीचा सामना खेळला. त्यांत दोन स्त्रिया होत्या. १९५२ मध्ये नेदरलँड्सचे खेळाडू आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये रोमला २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. तीच आज पहिली पॅरालिंपिक मानली जाते.

१९७२ ची स्पर्धा जर्मनीतील हायडेलबर्गला झाली. ज्या देशातून जीव वाचवून निघावे लागले, त्याच देशात गुटमान आपल्या खेळाडूंसह परतले होते. तिथे सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक पटकावले. पॅरालिंपिकमधले ते भारताचे पहिले सुवर्णपदक. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पेटकर जायबंदी झाले होते आणि शरीराला पुन्हा ताकद यावी म्हणून पोहू लागले होते.

गुटमान यांना १९६६ मध्ये सर हा किताब मिळाला. १८ मार्च १९८० रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चिरडलेला मज्जारज्जू पूर्ववत करणारा उपचार त्यांना सापडला नव्हता आणि तो आजही उपलब्ध नाही. म्हणूनच त्यांनी घालून दिलेली शिस्त आजही तितकीच मोलाची आहे.

पाठीवर पडलेल्या माणसाला पाय हलवता येत नसतील किंवा मुंग्या येत असतील, तर त्याला हातपाय धरून उचलू नये, बसवूही नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हलवणे भागच असेल, तर मान आणि पाठ एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी एकदम उचलून सपाट फळीवर ठेवावे. रुग्णालयातून घरी आल्यावर पाण्याची किंवा हवेची गादी मदत करते, पण ती कूस बदलण्याची जागा घेऊ शकत नाही. माकडहाडावरची त्वचा लाल दिसली आणि दाब काढूनही लाली गेली नाही, तर जखमेची ती सुरुवात समजावी आणि डॉक्टरांना दाखवावे. घरातल्यांनी पाळ्या लावून घेतल्या आणि घड्याळाकडे लक्ष ठेवले, तर गुटमान यांच्या उपचारातला सर्वांत महत्त्वाचा भाग कोणत्याही घरात पाळता येतो.