डॉक्टरांच्या नळीचे जनक रेने लाएनेक

आमच्या वन्संना जिना चढताना धाप लागे. वजन वाढले असेल, असे म्हणून दोन वर्षे त्यांनी ते अंगावर काढले. शेवटी गेल्या वर्षी डॉक्टरांनी छातीला नळी लावली व ठोक्यांच्या मध्ये फुसकारल्यासारखा आवाज येतो असे सांगितले. पुढे मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मोबाइलला जोडलेले मुठीएवढे यंत्र छातीवर टेकवले, आणि इवल्याशा पडद्यावर आम्हा दोघींना हृदयाची झडप उघडमीट करताना दिसली. ती नीट मिटत नव्हती. तेव्हापासून ही नळी प्रथम कोणी काढली असेल, हे माझ्या मनात घोळत होते. मी सातवी शिकलेली. वाचून जे समजले ते लिहिते. चूकभूल भगिनींनी पोटात घालावी.

फ्रान्स देशाच्या ब्रिटनी प्रांतात क्विम्पेर या गावी १७ फेब्रुवारी १७८१ रोजी रेने लाएनेक यांचा जन्म झाला. पाच-सहा वर्षांचे असतानाच मातृछत्र हरपले. वडील वकील, पण घराकडे लक्ष नसलेले. तेव्हा नांत शहरी डॉक्टर असलेल्या काकांनी मुलाला सांभाळले. त्या सुमारास फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता. अशा काळात काकांच्या हाताखाली मुलगा वैद्यकीची पहिली अक्षरे शिकला. १८०१ साली ते पॅरिसला गेले व पुढे नेपोलियनचे वैद्य झालेले कोर्व्हिसार यांचे शिष्य झाले. प्रकृती मुळातच तोळामासा, अंगकाठी लहान. विरंगुळा काय तो बासरीचा.

त्या वेळी डॉक्टर छातीवर बोटांनी ठोकून आवाजावरून रोग ओळखीत, नाही तर सरळ रोग्याच्या छातीला कान लावीत. १८१६ साली लाएनेक यांच्याकडे हृदयविकाराची एक तरुणी आली. ती अंगाने स्थूल, म्हणून ठोकून काही कळेना. आणि परक्या बाईच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. मला तर वाटते, तिलाही किती अवघडल्यासारखे झाले असेल! लाकडाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्यास ते स्पष्ट ऐकू येते, हे त्यांना आठवले. त्यांनी कागदाची वही घट्ट गुंडाळून तिची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले व दुसऱ्याला आपला कान लावला. कान लावूनही ऐकू आले नसते इतके स्वच्छ ठोके त्यांना ऐकू आले. त्या तरुणीचे नाव इतिहासात कोठे नाही.

पुढे त्यांनी स्वतः लाकूड कातून नळी केली. सुमारे फूटभर लांब, आपल्या लाटण्याहून थोडी जाड आणि आतून पोकळ. छाती व पाहणे या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून तिचे नाव स्टेथोस्कोप ठेवले. जिवंतपणी ऐकलेला आवाज ते टिपून ठेवीत आणि रोगी दगावल्यास शवविच्छेदन करून आत काय बिघडले होते ते ताडून पाहात. १८१९ साली त्यांचा दोन भागांचा ग्रंथ निघाला.

परंतु नाव पाहण्याचे असले तरी नळीतून दिसत काहीच नाही, फक्त ऐकू येते. म्हणूनच हृदयाच्या बाबतीत खुद्द लाएनेक फसले. हृदयाचा दुसरा ठोका वास्तविक झडपा मिटण्याचा. त्यांनी तो वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा मानला. फुसकाऱ्याचा आवाज झडपेच्या बिघाडाचा, हेही पुढे त्यांना पटेनासे झाले. फुप्फुसांच्या रोगांत मात्र त्यांचा कान फार तयार होता.

१८२४ साली त्यांचा विवाह झाला, पण संसार दोनच वर्षांचा ठरला. १८२६ साली खोकला व ताप बळावला. ते ब्रिटनीला आपल्या घरी परतले. डॉक्टर असलेल्या एका नातलगाने त्यांच्याच नळीने त्यांची छाती तपासली होती. ज्या क्षयाची लक्षणे जगाला त्यांनी शिकविली, तीच निघाली. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, अवघ्या ४५व्या वर्षी, ते निवर्तले. आपली नळी त्यांनी त्या नातलगाला ठेवली.

ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची सोय व्हायला १९५३ साल उजाडले. स्वीडनमध्ये एडलर हे डॉक्टर व हर्ट्झ हे शास्त्रज्ञ यांनी, जहाजाच्या कारखान्यात लोखंडातील दोष शोधणारे ध्वनिलहरींचे यंत्र उसने आणून, हृदयाकडून परत येणाऱ्या लहरी टिपल्या. त्याचेच लहानसे रूप वन्संच्या छातीवर टेकवले होते. झडपेची थोडी गळती नळीला पुष्कळदा ऐकू येत नाही, विशेषतः गजबजलेल्या दवाखान्यात. यंत्रात ती दिसू शकते. मात्र तेही शिकलेल्या हातातच उपयोगी. शिवाय नेमके मोजमाप करण्यासाठी वन्संना मोठ्या यंत्राखाली निजावेच लागले. दम्याची घरघर ऐकायला आजही डॉक्टर नळीच काढतात.

वन्संचे औषध चालू आहे. दर तीन महिन्यांनी जातो तेव्हा डॉक्टर प्रथम नळी लावतात, आणि त्या श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे पाहात राहतात.