कोटणीसांचे चिनी नाव

शाळेच्या दाखल्यावर माझ्या नावातले एक अक्षर चुकले, ते बी.ए.पर्यंत माझ्यामागे आले आहे. घरी दाखला वाचणारे कोणी नव्हते. म्हणून डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या चरित्रात मी अडलो, तो त्यांच्या नावापाशी.

सोलापूरचे कोटणीस (जन्म १९१०) १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पथकातील पाचांपैकी डॉ. चोळकर तर आपल्या नागपूरचे! जपान्यांनी परक्या शब्दांसाठी काताकाना ही निराळी लिपी ठेवली आहे. चिनी लिपीत मुळाक्षरेच नाहीत. प्रत्येक चिन्हाला उच्चार, तसा अर्थही. जुळत्या उच्चाराची चिन्हे शोधून 'कोटणीस' लिहिले गेले : के-दी-नी-स. पुढे शेवटची दोन गळाली व 'ह्वा' जोडले गेले. ह्वा म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांच्या नावांत ते आले. नाव इथेही मोडलेच, पण आपलेसे करण्यासाठी.

के दीह्वा चिनी भाषा शिकले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. १९४१ मध्ये त्यांनी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले यिनह्वा; यिन म्हणजे भारत. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने कोटणीस गेले, तेव्हा यिनह्वा चार महिन्यांचाही नव्हता.