मैदानाला नाव देणाऱ्या अवंतिकाबाई

पालिकेची निवडणूक आली की आपल्या गोंदियात नाल्या, रस्ते, पाणी यांची चर्चा रंगते. बागेसाठी, पोरांच्या मैदानासाठी घरपट्टीत चार पैसे जास्त द्याल का, असे मतदाराला सहसा कोणी विचारत नाही. अशा वेळी मला अवंतिकाबाई गोखले आठवतात.

अवंतिकाबाईंचा जन्म १८८२ सालचा, इंदूरचा. लग्न झाले नवव्या वर्षी. पाटी-पुस्तक हाती आले ते सासरी, पती बबनरावांच्या आग्रहामुळे. पुढे त्यांनी रुग्णसेवेचे शिक्षण घेतले. १९१७ मध्ये गांधीजींच्या हाकेला ओ देऊन पतिपत्नी चंपारण्यात गेली आणि अवंतिकाबाई खेड्यातल्या बायकामुलांना शिकवू लागल्या. १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले, त्याला प्रस्तावना लोकमान्यांची. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी हिंद महिला समाज सुरू केला.

मुंबई महापालिकेतल्या पहिल्या स्त्री सदस्यांपैकी त्या एक. काळही बदलत होता. १९२२ मध्ये महिना १० रुपये भाडे भरणाऱ्यालाही पालिकेचे मत मिळाले. शहराचा कारभार घरमालकांपुरता उरला नाही, साधा नोकरदार भाडेकरूही मतदार झाला.

१९२५ साली दादरचे माहीम पार्क लोकांना खुले झाले. १९२७ मध्ये अवंतिकाबाईंच्या पुढाकाराने त्याचे शिवाजी पार्क झाले. मला यात नुसता नामबदल दिसत नाही. पालिकेची जागा लोकांना आपली वाटावी, ही त्यामागची दृष्टी दिसते. १९६६ मध्ये तिथे महाराजांचा पुतळा उभा राहिला, तोही लोकवर्गणीतून. अवंतिकाबाई १९४९ मध्येच गेल्या होत्या. पण लोकांना मैदान हवे आहे की नाही, याचे याहून खरे माप कोणते? माणूस स्वतःहून खिशात हात घालतो, तेव्हा त्याचे मत कळते.

आपल्याकडे पालिकेच्या करावर जनमत घेण्याची पद्धत नाही. मात्र विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. आरक्षित जागा पालिकेने मुदतीत घेतली नाही, तर मालकाच्या नोटिशीनंतर आरक्षण रद्दही होऊ शकते. हरकत घेणारे न बोलावता येतात. मैदान हवे म्हणणाऱ्यांनीही तेवढ्याच तत्परतेने अर्ज द्यायला हवा. नाहीतर मैदान कोणालाच नको होते, असाच अर्थ कागदावर उरेल.