नांगराची मूठ धरणारा शिक्षक

महात्मा जोतीराव फुले यांचे स्मरण होते ते मुख्यतः १८४८ साली पुण्यात काढलेल्या मुलींच्या शाळेसाठी. ते रास्तच आहे. परंतु शाळेला जोडून शेत असावे, या त्यांच्या मागणीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

१८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांचे घराणे माळ्याचे. लहानपणी वडिलांनी त्यांना शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले; १८४१ साली ते पुन्हा शाळेत गेले. मधली वर्षे वाया गेली असे कोणी म्हणो. मातीशी त्यांची ओळख त्याच काळात झाली.

१८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला. आजचा दौंड तेव्हा भीमथडीतच मोडत असे. शेजारच्या शिरूर तालुक्यातही हे लोण पोहोचले. सरकारी चौकशीचा भर कर्ज आणि व्याज यांवर राहिला. जोतीरावांनी सावकाराची गय केली नाहीच. पण १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी जमिनीचा जमाखर्चही मांडला. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले किडे व जनावरे कुजून त्यांचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरत असे. रानात चरून आलेल्या गुरांचे शेणही शेवटी त्याच मातीला मिळे. जंगलखात्याने राने बंद केली, गुरांची उपासमार झाली आणि ही आवक आटली. पिकाबरोबर बाहेर जाणारा कस मात्र जातच राहिला. सावकाराचे खाते फाडून ही तूट भरून येणारी नव्हती. म्हणून पलटणी व पोलिसांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, पाणी शेतात मुरू द्यावे, तळ्यांतला गाळ शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा, असे उपाय त्यांनी सुचविले.

हे ज्ञान पोरांना केवळ पुस्तकातून मिळणार नाही, हे त्यांनी आधीच ओळखले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांत शेतीचे धडे असावेत आणि प्रत्यक्ष शिकविण्यासाठी लहानसे नमुना शेत असावे, असे त्यांनी लिहिले. शिक्षकही शक्यतो शेतकरी वर्गातून तयार व्हावेत, प्रसंगी नांगराची मूठ वा सुताराचे हत्यार धरण्यास न लाजणारे असावेत, ही त्यांची अपेक्षा होती. ‘असूडा’त तर ते आणखी पुढे गेले. गावच्या पाटलाची जागा हवी असेल, तर मराठी सहावीबरोबर नांगर, पाभर आणि कोळपे हाकण्याची परीक्षाही द्यावी, असा कायदाच त्यांना हवा होता. १८९० साली जोतीराव निवर्तले. ती परीक्षा कोणत्याही सरकारने घेतली नाही.