हेन्री लेलँड : मापाचा उपासक

मोटारीचे इंजिन उघडावे, झिजलेला पिस्टन काढावा, बाजारातून त्याच मापाचा दुसरा आणून बसवावा आणि गाडी पूर्ववत् धावू लागावी, यात आज कोणास नवल वाटत नाही. परंतु मोटारीच्या बाल्यावस्थेत कारागीर कानस घेऊन एकेक भाग घासून बसवीत. एका गाडीचा भाग त्याच कारखान्यातील दुसऱ्या गाडीस बहुधा लागत नसे. ही स्थिती पालटविणाऱ्यांत हेन्री मार्टिन लेलँड यांस आम्ही अग्रस्थान देतो.

त्यांचा जन्म १८४३ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. यादवी युद्धाच्या काळात ते स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात कामास होते. एका बंदुकीचा भाग दुसरीस तंतोतंत लागलाच पाहिजे, ही तेथील शिस्त. पुढे ब्राउन अँड शार्प यांच्या कारखान्यात सूक्ष्म मापनाची विद्या त्यांनी पूर्णपणे आत्मसात केली आणि १८९० साली डेट्रॉइट शहरी ते स्वतःचा कारखाना काढावयास आले.

१९०२ साली हेन्री फोर्ड ज्या कंपनीतून बाहेर पडले होते, तिच्या यंत्रसामग्रीचे मोल ठरविण्यास भागीदारांनी लेलँड यांस पाचारण केले. कंपनी मोडण्याऐवजी आपले इंजिन वापरून गाड्या बनवाव्यात, असा सल्ला त्यांनी दिला. तीच कॅडिलॅक कंपनी होय. लेलँड तेव्हा ५९ वर्षांचे होते!

त्यांच्या मापाची कसोटी लागली ती १९०८ साली, इंग्लंडात. लंडनच्या विक्रेत्याकडील तीन कॅडिलॅक गाड्या ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर नेण्यात आल्या. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली त्या पुरत्या सुट्या करण्यात आल्या. प्रत्येक गाडीचे ७२१ भाग, म्हणजे एकूण २,१६३ भागांचा ढीग! ते सर्व एकत्र मिसळून ८९ भाग बाजूस काढले आणि त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातील नवे भाग दिले. कानशीस मज्जाव होता. केवळ पाने व पेचकस एवढ्यावरच कारागिरांनी तीन गाड्या पुन्हा उभ्या केल्या. एकीचा रंग दुसरीस लागल्यामुळे त्या बहुरूप्यासारख्या दिसत होत्या म्हणतात. तशाच त्या ५०० मैल धावल्या. एकही भाग अर्ध्या केसाने चुकला असता, तर सारी फजिती त्या वृद्धाच्या पदरी पडली असती. क्लबने कॅडिलॅकला ड्यूअर चषक अर्पण केला.

त्या तीन गाड्यांची इंजिने एक-सिलिंडरची होती. लगोलग आलेल्या मॉडेल थर्टी गाडीत चार सिलिंडर होते. चार पिस्टन, चार कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकशाफ्टवर सारखेच चालावयाचे, म्हणजे मापाची कठोरता अधिकच. जुने इंजिन पुन्हा नवे करणारे हौशी लोक आजही तिचे महत्त्व जाणतात.

१९१७ साली लेलँड यांनी कॅडिलॅक सोडली. ज्यांना त्यांनी तरुणपणी मत दिले होते, त्या अब्राहम लिंकन यांचे नाव नव्या कंपनीस दिले. प्रथम विमानाची इंजिने, मग मोटारी. परंतु धंद्याचे गणित फसले आणि १९२२ साली कंपनी विकत घेतली ती हेन्री फोर्ड यांनी. ज्यांच्या सोडलेल्या कंपनीवर लेलँड यांनी उभारणी केली, तेच आता त्यांचे धनी! काही महिन्यांतच लेलँड पितापुत्रांस बाहेर पडावे लागले. १९३२ साली, ८९ व्या वर्षी, डेट्रॉइटमध्ये त्यांचे देहावसान झाले.